कारण : वंगण

आमच्या कंपनीत मशीन बंद पडलं की ते दुरुस्त करण्यापेक्षा ते का बंद पडलं हे लिहिण्याचं काम जास्त अवघड असायचं. त्यासाठी कम्प्युटरवर एक फॉर्म होता. तारीख, मशीनचा नंबर, किती वेळ बंद, आणि सगळ्यात शेवटी 'कारण'. त्यावर टिचकी मारली की दहा-अकरा कारणांची यादी खाली लोंबायची. 'इलेक्ट्रिकल' निवडलं की चार नवे प्रश्न उघडायचे. 'हायड्रॉलिक' निवडलं की सहा. 'ऑपरेटरची चूक' म्हटलं तर प्रोडक्शनवाल्यांची सही लागायची, आणि ती मिळवण्यापेक्षा नवीन मशीन बसवणं सोपं. 'सुटा भाग शिल्लक नाही' असं म्हणण्याचं धाडस मी एकदाच केलं. दुसऱ्या दिवशी स्टोअर आणि परचेस, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते दोघं हातात हात घालून माझ्या टेबलापाशी भांडायला आले.

यादीच्या अगदी तळाला एक कारण होतं : 'वंगण'. ते निवडलं की फॉर्म काहीही न विचारता मिटायचा. तेल-ग्रीसचं काम ठेकेदाराच्या माणसाकडे होतं. तो कंपनीच्या हजेरीवर नव्हता, त्यामुळे त्याच्या बाजूनं भांडायला कुणी यायचं नाही. ज्यानं तो फॉर्म बनवला त्यानं हा विचार करून बनवला की नकळत, देव जाणे. मला मात्र तो तळाचा शब्द पहिल्याच आठवड्यात सापडला. शाळेत गाईडमध्ये उत्तरं कुठल्या पानावर आहेत हे मला असंच पहिल्या आठवड्यात सापडायचं.

मी मेन्टेनन्सचा प्रमुख. चाकणच्या पट्ट्यात पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करणारे जे ढीगभर कारखाने आहेत, त्यांतल्याच एका मधल्या आकाराच्या कारखान्यात. मूळचा लातूरकडचा, डिप्लोमा करून इकडे आलो तो इकडचाच झालो, आता पुनावळ्याला राहतो. घरातल्या नळाचा वॉशर बदलायलाही मी माणूस बोलावतो, यावरून माझ्या हुद्द्याबद्दल बायकोला कायमची शंका आहे. पण कंपनीत मला मान होता. वर गेलेला माझा रिपोर्ट कधी अडकून परत येत नसे. का येत नसे ते आता तुम्हाला कळलं असेल.

पट्टा तुटला : वंगण. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली : वंगण. एकदा छताचा पत्रा गळून पॅनेलमध्ये पाणी गेलं, तेही वंगण. पाणीसुद्धा ओलंच असतं की, असा विनोद मी तेव्हा केला होता, आणि माझे दोन फिटर त्यावर हसलेही होते. साहेबाच्या विनोदाला हसतात तसे. हे मी एक-दोन महिने नाही, पाच वर्षं केलं. आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही या भरवशावर केलं. तो भरवसा खोटाही नव्हता. माणूस कुणी वाचतच नव्हता.

ठेकेदाराचा तो माणूस म्हणजे काका. साठीला टेकलेले, राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावचे. सकाळी जुन्या स्कूटरवरून यायचे, डाव्या हातात ग्रीसची गन, उजव्या हातात पुसायचं फडकं, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रा दाबायच्या सगळ्या प्रेसना तेलपाणी. बोलायला फटकळ. ग्रामपंचायतीपासून कॅन्टीनच्या आमटीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असायचं आणि ते न विचारता मिळायचं. गोष्टीतल्या म्हाताऱ्या कारागिरांना मशीनची भाषा वगैरे कळते, तसलं काकांना काही नव्हतं. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचा डावा कान कधीच गेला होता. ते फक्त रोज जायचे, रोज हात लावायचे, फडक्यावर काय आलं ते रोज बघायचे. फडक्यावर चमक दिसली, म्हणजे आत कुठंतरी धातू झिजतोय. मग ते तिथं थोडं जास्तीचं ग्रीस भरायचे, आपल्या कार्डावर वेळ टाकून सही करायचे, आणि मला येऊन सांगायचे, सात नंबरचं बेरिंग जायला लागलंय, दोन दिवस निघतील, बघून घ्या. मी दोन दिवसांत सवडीनं मशीन थांबवायचो, बेरिंग बदलायचो. मोठा बिघाड टळायचा. आणि फॉर्ममध्ये ते थांबणं लिहायचो : वंगण.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, एवढं म्हणायला जागा आहे. काका, कालचं बंद तुमच्या नावावर टाकलंय, फॉर्म लवकर मिटतो, राग नाही ना? त्यांनी फडकं झटकलं. "टाका की सायेब. आमच्या नावाला काय मुंग्या लागत्यात व्हय?"

तिसऱ्या वेळेनंतर मी विचारणं सोडून दिलं.

मग कंपनीत नवं वारं आलं. मशीन बंद पडण्याच्या आधीच कम्प्युटरनं सांगायचं, असं वर ठरलं. एका डेटावाल्या कंपनीकडून एक तरुण इंजिनियर मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येक प्रेसवर साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटवल्या. त्या डब्या मशीनची थरथर आणि उष्णता मोजायच्या. काका त्या डब्यासुद्धा रोज पुसायचे. मॅडमना बरं वाटावं म्हणून असेल, किंवा धूळ दिसली की त्यांचा हात थांबत नसे म्हणून.

पण नुसत्या डब्यांनी भागत नाही, असं मॅडमनी मला समजावलं. यापूर्वी मशीन कधी बंद पडलं, का पडलं, हे कम्प्युटरला दाखवावं लागतं. शाळेतल्या पोराला जुन्या परीक्षांचे पेपर उत्तरांसकट द्यावेत तसं. मग तो स्वतःच खुणा ओळखायला शिकतो. तुमच्याकडे मागच्या नोंदी आहेत का, असं त्यांनी जरा भीतभीतच विचारलं. बाकी ठिकाणी त्यांना वह्या आणि कोरे रकाने मिळालेले असणार.

मी त्यांना पाच वर्षांची फाइल दिली. एक रकाना रिकामा नाही. दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सर, एवढा नीटनेटका डेटा मी कुठल्याच प्लांटमध्ये पाहिला नाही.

हे मी घरी जेवताना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा बायको म्हणाली, छान. दुसऱ्यांदा तिनं माझ्या कपड्यांच्या विस्कटलेल्या कपाटाकडे नुसतं पाहिलं.

त्या दिवसांत माझ्या मनात भीती कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी स्वतःला जरा शहाणा समजतो. पण खरंच सांगतो, तो फॉर्म आणि ती मशीनं यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे मी विसरून गेलो होतो. माझ्या लेखी फॉर्म म्हणजे वर पाठवायची गोष्ट होती. तो कुणी परत खाली, मशीनपाशी आणेल असं वाटलंच नाही.

दोन महिन्यांनी मॅडमचं प्रेझेंटेशन झालं. प्लांट हेड साहेब, प्रोडक्शन, क्वालिटी, परचेस, मी, असे आम्ही दहा-बारा जण. पडद्यावर उभ्या पट्ट्यांचं चित्र आलं. सगळ्या पट्ट्या बोटभर आणि एक हातभर. त्या हातभर पट्टीखाली लिहिलं होतं 'वंगण'. ती पट्टी कुणी वाढवली ते मला माहीत होतं. पण खरं पुढंच होतं. मॅडमनी दुसरं चित्र लावलं. काकांच्या कार्डावरच्या वेळाही त्यांनी कम्प्युटरला दिल्या होत्या, आणि कम्प्युटरला असं आढळलं होतं की वेळापत्रकाबाहेर हातानं ग्रीस भरलं की पुढच्या दोन दिवसांत ते मशीन बहुतेक वेळा थांबतं.

थांबायचंच. मी थांबवायचो म्हणून थांबायचं. काकांनी सांगितलेलं असायचं म्हणून. कम्प्युटरला फक्त एवढंच दिसलं होतं : आधी काकांचा हात लागतो, मग मशीन बंद पडतं, आणि मेन्टेनन्सचे साहेब खाली लिहितात, कारण : वंगण. त्यावरून कुणीही शहाणा जो निष्कर्ष काढेल तोच त्यानं काढला होता.

प्रोडक्शनवाले म्हणाले, म्हणजे काका पनवती आहेत म्हणा की. सगळे हसले. मीही हसलो. इतरांपेक्षा जरा उशिरा हसलो, पण हसलो.

हसणं ओसरल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात कुठलाही आव नव्हता. "सर, मी मशीनवर कधी काम केलेलं नाही. तुम्ही रोज बघता. तुम्हाला हे पटतंय का?"

अशी संधी माणसाला रोज मिळत नाही. सरळ प्रश्न होता, सगळ्यांसमोर होता, आणि उत्तर त्या खोलीत फक्त माझ्याकडे होतं. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"डेटा सांगतोय तर असेल," मी म्हणालो.

साहेबांनी पाच मिनिटांत ठरवलं. हातानं ग्रीस भरणं बंद. प्रत्येक मशीनवर आपोआप ग्रीस सोडणारी भांडी बसवायची. ठेकेदाराला कळवायचं की पुढच्या महिन्यापासून ऑइलर, म्हणजे काका, नको. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या, तुमच्याच हाताखालचे आहेत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला तेव्हाही माहीत होती. काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते. जिना सोडाच, उंबराही चढवत नसे. विम्याच्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली होती, दोन महिन्यांनंतरची, आणि ती काकांच्या कामगार विम्याच्या कार्डावर होती. काम सुटलं की आज ना उद्या कार्डही सुटणार. त्या ऑपरेशनसाठी काकांनी केलेला रजेचा अर्ज मीच सही करून ठेकेदाराकडे पाठवला होता. 'शिफारस करण्यात येत आहे' असं माझ्या अक्षरात लिहून.

मी काकांना गेटबाहेरच्या टपरीवर नेलं. चहा सांगितला, वर क्रीमरोल सांगितला, तेव्हाच त्यांना कळलं असणार की काहीतरी वाईट आहे. एरवी मी कुणाला क्रीमरोल खाऊ घालणारा माणूस नव्हे. मी फिरवून फिरवून सांगितलं. तंत्रज्ञान, वरून आलेला निर्णय, सगळीकडेच असं चाललंय. त्यांनी सगळं उजव्या कानानं ऐकून घेतलं आणि विचारलं, कम्प्युटरला हे सांगितलं कुणी? मी म्हणालो, तो आपलं आपण शिकतो काका. यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणून ते जास्त खोटं होतं.

काकांनी क्रीमरोल कागदात परत गुंडाळला. काकूंसाठी असावा. मग ते माझ्या जवळ सरकले.

"सायेब, तुमी सायबांस्नी तुमचं लिवलेलं दावा की," ते म्हणाले. "पाच वर्साचं समदं तुमच्यापाशी हाय. म्या काय काय धरून दिलं, कंदी दिलं. कम्प्युटर चुकंल, तुमची वही कशी चुकंल? त्या दोन-चार येळा माझं नाव घातलंत, त्येवढं सोडा."

मी हो म्हणालो. बघतो, म्हणालो. टपरीवाल्याला पैसे देताना सुट्टे खाली पडले, ते वेचायला वाकलो आणि लागलं त्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो.

त्या आठवड्यात मी पराक्रम पुष्कळ केले. काकांना बागेच्या कामावर घेता येईल का, हे ॲडमिनला विचारून आलो. बाग म्हणजे गेटजवळच्या सहा कुंड्या. ठेकेदाराला फोन करून दुसरीकडे कुठं जागा आहे का विचारलं. कॅन्टीनमध्येही चौकशी केली. खरं ते सांगणं सोडून जे जे करता येण्यासारखं होतं ते ते सगळं केलं, आणि संध्याकाळी घरी जाताना मी किती धडपडतोय याचं मलाच कौतुक वाटायचं.

रविवारी मेहुण्याकडचे सगळे आमच्याकडे जेवायला होते. आमच्या घरात पंगत बसली की गोष्ट मी सांगायची, ही पद्धत आहे. ती कुणी पाडली? मीच. तर मी ही गोष्ट सांगितली. कम्प्युटर कसा बावळट, गरीब ऑइलरलाच कसं चोर ठरवलं, प्लांटमध्ये सगळे कसे हसले. मी काकांच्या बोलण्याची नक्कल केली, मॅडमची केली. साहेबांची तर फारच चांगली झाली. मेहुणा हसून हसून ठसकला.

माझी लेक कम्प्युटरचंच शिकते आहे, तिसऱ्या वर्षाला. ती हसली नाही. तिनं कोशिंबीर पुढे सरकवली आणि विचारलं, "पण बाबा, त्याला कारणं कुणी शिकवली? ती यादी कोण भरायचं?"

मी म्हणालो, भरायचे आमच्याकडचे लोक. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या 'लोक' या शब्दाचा अर्थ नीट कळतो. तिनं मला आणखी भात वाढला. मी तो खाऊ शकलो नाही. हात धुवायला उठताना लेक एवढंच म्हणाली की मग तो कम्प्युटर मशीनबद्दल नाही, ज्यानं भरलं त्याच्याबद्दल शिकला असणार.

महिना संपायला आठ दिवस होते. सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनकडे निघालो आणि पाय मॅडमच्या खोलीत गेले. पायांना दोष द्यायचा म्हणजे बरं पडतं. ट्रेनिंग रूममध्ये एका कोपऱ्यात त्यांनी बस्तान बसवलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. फॉर्म, यादी, तळाचा शब्द, सगळं. सांगताना मध्येच एक विनोदही केला, तोच, पाणी ओलं असण्याचा. त्या हसल्या नाहीत.

वंगणाच्या किती नोंदी खऱ्या आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, असतील एखाद-दुसरी. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पाण्याची बाटली घेऊन भरायला गेल्या. बाटली भरलेलीच होती. परत आल्यावर शांतपणे म्हणाल्या, हे साहेबांना सांगावं लागेल. तुम्ही सांगाल की मी सांगू?

मी म्हणालो, तुम्ही सांगा.

त्यांनी माझी लाज राखली. मागच्या नोंदींमध्ये कारणं नीट नोंदली गेलेली नाहीत, ती तपासून दुरुस्त करावी लागतील, एवढंच त्यांनी साहेबांना सांगितलं. कुणी, हे सांगितलं नाही. साहेब म्हणाले, महिनाअखेरीच्या आत करा, मग ऑइलरचं काय ते ठरवू. म्हणजे काकांची नोकरी अजून गेली नव्हती. आता ती त्या दुरुस्तीवर अडकून होती.

दुरुस्ती करायला मी बसलो. पहिली नोंद उघडली. तारीख होती, मशीन होतं, वेळ होती. त्या दिवशी खरं काय झालं होतं, हे मला आठवेना. दुसरी उघडली. तीही आठवेना. खरं कारण मी कुठंच लिहिलं नव्हतं, डोक्यातसुद्धा ठेवलं नव्हतं. जे झालं होतं ते मी लिहून पुसून टाकलं होतं.

मॅडमनी काकांची कार्डं मागवली. त्यांच्या पुढच्या बाजूला वेळ आणि सही, ते त्यांनी पूर्वी वापरलं होतं. मागची बाजू कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती. त्यावर पेन्सिलनं, वाकड्यातिकड्या अक्षरात, कुणी न सांगता लिहिलेलं होतं : '७ ला चमक', 'पट्टा फाटलाय', 'उंदीर'. निम्मं अक्षर आम्हाला लागेना. मॅडम म्हणाल्या, काकांनाच बोलवू या.

काका चप्पल दाराबाहेर काढून आत आले. एसीच्या खोलीत ते पहिल्यांदाच आले असावेत, कारण खुर्चीत बसताना त्यांनी आधी आपल्या खाकी पँटची मागची बाजू झटकली. मॅडमनी त्यांना काम सांगितलं. मी नोंद वाचीन, तुम्ही आठवून सांगा. त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं, मी साहेबांना माझी वही दाखवली. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मॅडम वाचायला लागल्या. मशीन सात, कारण वंगण. काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. तवा बेरिंग बदललं हुतं, म्हणाले. मॅडमनी टाइप केलं. मशीन तीन, कारण वंगण. तवा पट्टा तुटला हुता. मशीन तीन, कारण वंगण. हायड्रॉलिकचा पाइप फुटला हुता. मशीन अकरा, कारण वंगण.

पहिल्या दहा-बारा नोंदींपर्यंत काका सांगताना माझ्याकडे बघत होते, आठवतंय ना सायेब, अशा नजरेनं. मग त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. मॅडमही शेवटचे दोन शब्द हळूहळू पुटपुटायला लागल्या, पण काकांनी हात कानाशी नेला, ऐकू येत नाही म्हणून, तेव्हा त्यांना ते परत मोठ्यानं म्हणावे लागले. कारण वंगण. कारण वंगण. दुपारचा चहा आला आणि कुणी न घेता गार झाला. साधारण तेव्हाच काका एकदा थांबले.

"लई येळा घातलंत वो सायेब," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग मॅडमकडे वळले, "म्होरली वाचा ताई."

ताई तीन दुपारी वाचत होत्या. मी तिन्ही दुपारी त्या खोलीत बसलो होतो. उठून जायला काही कारण सापडेना. कारणं शोधण्यात मी एवढा तरबेज, पण त्या तीन दिवसांत एकही सापडलं नाही.

तिसऱ्या दुपारी शेवटाकडे एक नोंद आली. मशीन चार, सबंध शिफ्ट बंद. ती मात्र मला आठवत होती. त्या दिवशी चुकीच्या डब्यातलं ग्रीस भरलं गेलं होतं आणि बेरिंग तापून अडकलं होतं. पाच वर्षांत मी खरं लिहिलेली बहुतेक ती एकच नोंद. वर निर्णय व्हायचा बाकी होता, आणि अशी एक खरी नोंद काकांच्या विरुद्ध जाऊ शकली असती. मी चटकन म्हणालो, मॅडम, इथं 'सील गळत होतं' असं टाका. बोलताना मला फार उदार वाटलं.

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यो माझाच हाय. डबा बघितला न्हवता म्या त्या दिशी. वंगणच ऱ्हाऊ द्या ताई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'वंगण' तसंच ठेवलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

त्यानंतर मात्र मी उठलो आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. शूर झालो होतो असं नाही, त्या खोलीत बसवत नव्हतं. साहेबांना सांगितलं की त्या नोंदी मी लिहिल्या होत्या, आणि का लिहिल्या तेही. साहेब म्हणाले, प्रेझेंटेशनला तुम्ही होतात ना? मी हो म्हणालो. एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मला लेखी ताकीद मिळाली. तिची भाषा साधी होती. 'हेतुपुरस्सर' हा शब्द त्यात होता, त्याला हरकत घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

दुरुस्त केलेल्या नोंदींवर कम्प्युटर परत शिकला. आता काकांनी जास्तीचं ग्रीस भरलं की तो ती धोक्याची आगाऊ खूण धरतो. आपोआप ग्रीस सोडणारी भांडी काही मशीनवर बसलीच, पण ठेकेदाराचा ऑइलर राहिला. विम्याचं कार्ड राहिलं. काकूंचं एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

काका माझ्याशी बोलतात. बेरिंगचं, पट्ट्याचं, आमटीचंसुद्धा. फक्त आता काही सांगून झालं की ते तिथंच उभे राहतात, मी फॉर्ममध्ये काय लिहितो ते बघत. मी लिहीपर्यंत हलत नाहीत. मलाही ते हवंच आहे, पण त्या वेळी माझी बोटं कीबोर्डवर चुकतात.

ऑपरेशननंतर मी त्यांच्या गावी भेटायला गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. सफरचंदं घेऊन गेलो. आजाऱ्याकडे जाताना माणूस सफरचंदंच का नेतो कोण जाणे. काकू खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी पदर सावरला, डोळे पुसले आणि हात जोडले. "तुमच्यामुळं झालं बघा समदं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं मला. काम जाणार हुतं, पण तुमी सोता सायबांस्नी जाऊन सांगितलंत. देवासारखं हुबं ऱ्हायलात."

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी उभे होते, बाहेर स्कूटरकडे बघत. त्यांनी घरी अर्धीच गोष्ट सांगितली होती. पुढची अर्धी. आधीची अर्धी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, आणि माझी समजूत आहे की सांगणारही नव्हते.

तिथं तरी बोलायला हवं होतं. मी घसा खाकरला. म्हणालो, काकू, तसं नाही, त्याच्या आधी ते काय झालं होतं...

काकांनी मागं न वळताच मला तोडलं. "च्या घ्या सायेब. गार व्हतोय."

मी चहा घेतला. काकू अजून हात जोडून बसल्या होत्या, आणि मी त्यांना ते हात खाली घ्या असंसुद्धा म्हटलं नाही.